जुन्या लॅपटॉपचं पोट उघडलं तेव्हा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०२६ मध्ये आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कमिटीनं मला ‘काहीतरी उपयोगी बोला’ असं सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मिक्सर किंवा गॅसची शेगडी असावी. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई, ती आणखी कशावर बोलणार! पण मी आज बोलणार आहे गेमिंग लॅपटॉपवर. मागच्या रांगेतली मुलं हसताहेत. हसा. तुमच्यापैकी दोघांचे लॅपटॉप माझ्या डायनिंग टेबलावर उघडे पडून गेलेत, नावं घेत नाही.

आमच्या घरी हा लॅपटॉप आला २०१८ साली. चिरंजीव बारावी झाले, इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि ‘अभ्यासासाठी’ म्हणून अडुसष्ट हजारांचं ते काळं, लाल दिव्यांचं धूड घरात शिरलं. अभ्यासाला लाल दिवे कशाला लागतात हे ह्यांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही. आत इंटेलचा कोअर आय५-८३००एच प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. ही नावं तेव्हा मला मंत्रासारखी वाटायची. आज त्यातलं प्रत्येक कुठे बसतं हे मी डोळे मिटून सांगू शकते.

मार्च २०२५ मध्ये मुलाची नोकरी गेली. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही होता. इथे बसलेल्या बऱ्याच घरांत हे घडलंय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. दोन महिने तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही. मग एका फोटोग्राफर मित्रानं लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचं काम दिलं, आणि कॉलेजात हौस म्हणून शिकलेलं ते काम एकदम पोटाचं काम झालं. अडचण एवढीच, की हत्यार सात वर्षांचं होतं. सुरू व्हायला चार मिनिटं. पंख्याचा आवाज असा, की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, “रात्री अकराला मिक्सर लावता का हो?” बॅटरी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, अख्ख्या लग्नाची फाइल तयार होत असताना, मशीन आपोआप बंद पडलं. सकाळी द्यायचं काम होतं. दिलं गेलं नाही. त्या घरच्या मंडळींनी फोनवर काय सुनावलं ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं.

त्याच दिवशी त्यानं नवीन लॅपटॉप निवडला. ब्याऐंशी हजार, बारा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता. महिन्याला पावणेसात हजारांच्या वर. पगार नाही, कामाची खात्री नाही, आणि कार्डावर हप्ता. बिनव्याजी म्हणतात त्यात बहुतेक वेळा व्याजाएवढी सूट आधी किमतीत दाखवतात, मग बँक व्याज लावते, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी आपल्याच माथी, शिवाय प्रोसेसिंग फी. पण हा मुद्दा त्या दिवशी कोण ऐकणार? हे तर एफडी मोडायला निघाले होते. मी म्हटलं, “आठ दिवस दे मला. आठ दिवसांत जमलं नाही तर एफडी मोडू.” तो म्हणाला, “आई, हे तुझ्या लॅबमधलं बॅरोमीटर नाहीये.” मला लागलं ते. पण मी उलट बोलले नाही, कारण तो चिडला होता तो माझ्यावर नाही हे कळत होतं.

आता मी आधी काय केलं ते सांगते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. दुरुस्ती करण्याआधी दुखतंय कुठे ते बघायचं. दोन वर्षांपूर्वी आपण इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, तोपर्यंत प्रत्येक सभेत कोणी म्हणे पाडूया, कोणी म्हणे फक्त रंग काढूया. रिपोर्ट आल्यावर कळलं, खांब ठणठणीत आहेत आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. लॅपटॉपचं तसंच.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात बघितलं तर प्रोसेसर निवांत, दहा-पंधरा टक्क्यांवर. डिस्क मात्र शंभर टक्के. मेमरी नव्वदच्या पुढे. म्हणजे काम करणारा माणूस रिकामा बसलाय आणि सामान आणणारा हमाल धापा टाकतोय. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते. या लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी. तिच्यावर एक छोटा हात पुढेमागे सरकत माहिती वाचतो, आपल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसारखा, फक्त हा तबकडीला टेकत नाही. एका जागची सलग माहिती ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, पण दहा ठिकाणची मागितली की हात नुसता पळत राहतो. त्यातून रॅम कमी पडली की विंडोज जास्तीचं सामान याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि परत आणतं. म्हणजे दमलेल्या हमालावर आणखी ओझं.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप्स. तिच्यातही दोन जाती. साटा प्रकारची सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई प्रकारची, आमच्या मशीनला चालणारी, साडेतीन हजारांपर्यंत. दोन्ही च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम.२ आकारात मिळतात, म्हणून दुकानात फसायला होतं. काही लॅपटॉपच्या खाचेत फक्त साटा चालते. घेण्याआधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर ते फुकट असतं आणि त्यात कुठला स्क्रू कुठे इथपर्यंत चित्रं असतात.

दुसरं दुखणं उष्णतेचं. तापमान दाखवणारा फुकट प्रोग्रॅम टाकून बघितलं, व्हिडिओ तयार करायला लावला की पाच मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, जळू नये म्हणून. तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. त्या रात्री दोन वाजता तेच झालं होतं. मुलाला मी तो आलेख दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे माझं सॉफ्टवेअर नाही क्रॅश झालं.” आठ दिवसांतलं आमचं पहिलं नीट बोलणं ते.

शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. गेल्या कित्येक वर्षांत मी मुलाबरोबर एवढा वेळ लोकलमध्ये बसले नव्हते. बसले म्हणजे दादरपर्यंत उभीच होते. आठ जीबीची आणखी एक रॅम घेतली, डीडीआर४, २६६६ वेगाची, लॅपटॉपला लागते ती आखूड पट्टी. मशीनमध्ये दोन खाचा होत्या आणि कंपनीनं एकच भरली होती. दुसरी भरली की जागा दुप्पट होतेच, शिवाय दोन रस्ते एकदम उघडतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. दुकानदार ३२०० वेगाची घ्या म्हणत होता. चालली असती, पण धावली असती जुनीच्याच २६६६ वेगानं. एक टेराबाइटची एनव्हीएमई एसएसडी घेतली. बॅटरीच्या बाबतीत मात्र आम्ही तीन दुकानं फिरलो. जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट यांचा फोटो काढून नेला होता. “हीच लागते मॅडम, डोळे झाकून घ्या” म्हणणाऱ्याकडून डोळे उघडे ठेवून घेतली नाही, आकडा जुळत नव्हता.

एक गोष्ट सांगून ठेवते. हे भाव गेल्या जूनचे आहेत. वर्ष संपता संपता रॅमचे भाव भलतेच चढले, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हणून. आज तुम्ही गेलात तर माझा आकडा दुकानदाराला सांगू नका, तो हसेल.

रविवारी दुपारी टेबलावर जुनी चादर अंथरली. मुलानं त्याआधी सगळी कामं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. ही पायरी गाळणाऱ्यांना मी दारातून परत पाठवते. मग मशीन पूर्ण बंद, चार्जर काढला. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीनं लावला, कारण सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो वर कीबोर्डपर्यंत घुसू शकतो. झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका. जुनं प्लॅस्टिक कार्ड कडेनं फिरवायचं, कट् कट् आवाज करत खिट्ट्या सुटतात. आमची एक तुटली. अजून तुटलेलीच आहे, काही बिघडत नाही.

आत बघितलं आणि मी कपाळावर हात मारला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्यामध्ये राखाडी नमद्यासारखा जाड थर! सात वर्षांची धूळ, शिवाय आमच्या मांजराचे केस. हवा जायला जागाच नव्हती. पंखा बिचारा जीव तोडून फिरत होता आणि गरम हवा आतल्या आत घोळत होती. तो थर चिमट्यानं सलग निघाला. मुलगा म्हणाला, “आई, याचा फोटो काढ.” काढला. आधी बॅटरीची पिन सोडवून घेतली होती, हे सांगायचं राहिलं. उघडल्या उघडल्या पहिलं काम तेच. आणि हवा मारून धूळ उडवणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो उलटासुलटा गरगरून खराब होतो.

बॅटरी मधोमध फुगलेली निघाली. थोडीशीच, पण टचपॅड गेले काही महिने वर आल्यासारखा का वाटत होता ते कळलं. तुमच्यापैकी कोणाच्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल, झाकण नीट बसत नसेल, तर घरी जाऊन आधी तो वापरणं आणि चार्ज करणं थांबवा. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, ओल्यासुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही. आमची आम्ही ई-कचरा संकलनात दिली.

प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये लावलेली पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. इथे मात्र मी घरात होते. दोन धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात हवा राहते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. नववीला मी हे वर्षानुवर्षं शिकवलंय! जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, वाटाण्यापेक्षा लहान थेंब नवीन लावला, आणि पट्टीचे स्क्रू त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्यांच्या क्रमानं, थोडे थोडे, समोरासमोरचे आवळले. गाडीचं चाक बसवताना नट आवळतात तसे.

एसएसडी खाचेत तिरकी घालून आडवी दाबायची आणि शेवटी एक इवलासा स्क्रू लावायचा. तो स्क्रू नव्हता. मशीनमध्येही नाही, डब्यातही नाही. इथे आमचं काम पाऊण तास अडलं. शेवटी खाली मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून वीस रुपयांना मिळाला.

सगळं बंद करून बटण दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. मुलगा काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. मला खरं सांगायचं तर पोटात गोळा आला. ब्याऐंशी हजार वाचवायला निघालेल्या बाईनं होतं तेही घालवलं, हातातलं कामही गेलं, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. हे पेपर खाली करून म्हणाले, “पुन्हा उघड. शाळेत सर्किट लागलं नाही तर पहिल्यांदा काय बघायचीस?” जोडण्या बघायचे. उघडलं. नवीन रॅम एका बाजूनं केसभर वर राहिली होती. ती तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्यांनी ‘टक्’ असा आवाज द्यावा लागतो. मी घाबरून कमी जोर लावला होता. टक् केलं, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह उमटलं तेव्हा मी हाक मारायच्या आधीच तो गॅलरीतून आत आला होता.

विंडोज नव्यानं टाकलं. परवाना पुन्हा विकत घ्यावा लागत नाही, तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होतो. सुरू व्हायला आता वीस सेकंद. तेच व्हिडिओचं काम लावलं तर तापमान ८१-८२ वर थांबतं. जे रात्रभर चालायचं आणि मध्येच मरायचं ते काम जेवणं आटपेपर्यंत होऊन बसतं. गेमचंही विचारा, मुलं वाट बघताहेत: जुने खेळ मध्यम सेटिंगवर न अडखळता चालतात.

खर्च सांगते, खजिनदारांनी मान वर केली. रॅम १८५०, एसएसडी ५४००, बॅटरी ४२००, पेस्ट, अल्कोहोल आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच मिळून ९००, आणि तो स्क्रू २०. एकूण १२,३७० रुपये. लोकल आणि वडापाव वेगळे.

आता दुसरी बाजू. हे भाषण ऐकून सगळे उद्या जुनी मशीनं घेऊन आलात तर निम्म्यांना मी नवीन घ्या असंच सांगीन. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा बोर्डावर झाळलेलं असतं, प्रोसेसरही. ते बदलता येत नाहीत. आमच्या कार्डाला चारच जीबी मेमरी आहे, नवे मोठे खेळ ते ओढणार नाही, कितीही रॅम घाला. त्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठी सुधारित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत, फक्त सुरक्षेचे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील असं एनव्हिडियानंच जाहीर केलंय. मुलगाही अगदी जड फायलींसाठी आधी हलक्या प्रती करून घेतो, त्यांवर काम करतो आणि शेवटी मूळ फाइल जोडतो. प्रॉक्सी म्हणतात त्याला. नव्या मशीनवर कदाचित ही कसरत लागली नसती.

विंडोजचंही बघायला हवं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, काही अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमचा ८३०० मधला तो पहिला आठ म्हणजे आठवी पिढी. काठावर पास. बायोसमध्ये जाऊन टीपीएम नावाची सोय चालू करावी लागली एवढंच. बी विंगमधल्या एका मुलाचा लॅपटॉप याच्या फक्त एक वर्ष आधीचा, ७३००एचक्यू, सातवी पिढी. दिसायला जुळा भाऊ, पण तो नापास. त्याच्या आईला मी म्हटलं, यात एसएसडी घालून लिनक्स टाकून धाकटीला अभ्यासाला द्या, पण थोरल्याच्या कॉलेजासाठी नवीन घ्या. त्यांना वाटलं मी टाळतेय.

आणि एक कबुली. सी विंगच्या एका काकांचा लॅपटॉप उघडताना कीबोर्डच्या रिबन केबलची नखाएवढी पट्टी माझ्या हातून तुटली. ती वर उचलायची होती, मी ओढली. काका “असू दे हो” म्हणाले, पण दुरुस्तीचे २६०० रुपये मी दिले आणि त्यानंतर महिनाभर कोणाचंही मशीन उघडलं नाही. मुलगाच शेवटी म्हणाला, “आई, पाटकरांकडून वर्गात किती बीकर फुटले असतील गं? तू शिकवायचं थांबवलंस का?” पाटकर म्हणजे आमच्या लॅबचे शिपाई. बीकर त्यांच्या हातून एकही फुटला नव्हता, फोडायचे मी आणि मुलं. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

त्याला अजून कायमची नोकरी नाही. लग्नाच्या हंगामात काम भरपूर असतं, पावसाळ्यात नसतं. ऑगस्टमध्ये आठ-दहा हजारच आले. तो हप्ता चालू असता तर त्या महिन्यात आमच्या घरी काय बोलणं झालं असतं ते मला माहीत आहे. तो म्हणतो, पुढच्या वर्षी नवीन घेईन, रोख. घेऊ दे.

आता कमिटीसाठी. ऑफिसातल्या संगणकाबद्दल वार्षिक सभेपुढे पंचेचाळीस हजारांचं कोटेशन येणार आहे असं ऐकलं. तो मी खिडकीतून बघितलाय, मॅनेजर बिलं काढताना डिस्कचा दिवा सतत लागलेला असतो. दहावी पिढी आहे, म्हणजे विंडोज ११ चालेल. सभेआधी एक रविवार मला द्या. पण आधी पंचवीस वर्षांच्या सभासद खात्यांचा बॅकअप कुठे आहे ते खजिनदारांनी मला दाखवायचं, आणि त्याच संगणकावर आहे असं उत्तर चालणार नाही.

बाकीच्यांनी रविवारी चारनंतर यायचं. येताना आपापला चार्जर आणा, मागच्या वेळी तिघं विसरले.